‘अँग्लिसिस्ट’ म्हणवून घ्यावे का? बडोद्याच्या एका विद्यार्थिनीला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यात इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली एक मराठी विद्यार्थिनी जर्मनीतल्या एका विद्यापीठात पीएच. डी.साठी अर्ज करते आहे. तिथल्या प्राध्यापकांनी पत्रात स्वतःची ओळख ‘आंग्लिस्ट’ अशी करून दिली. शब्दकोशात तिला याचे इंग्रजी रूप ‘अँग्लिसिस्ट’ सापडले. अर्थ : इंग्रजी भाषा आणि साहित्य यांचा अभ्यासक. तिने विचारले आहे की प्रस्तावात आपणही स्वतःला अँग्लिसिस्ट म्हणावे का, आपल्या विभागात हा शब्द कधीच कानावर का आला नाही, आणि मराठीत त्याला काय म्हणतात. बडोदे संस्थानच्या श्रीसयाजी साहित्यमाला या ग्रंथमालेत इंग्रजीवरून मराठीत आलेल्या पुस्तकांची भाषा हा तिचा विषय आहे.

आधी सरळ उत्तर देते. जर्मन भाषेतल्या कागदांवर विषयाचे नाव म्हणून ‘आंग्लिस्टिक’ हा शब्द निःशंकपणे वापरा. स्वतःबद्दल लिहायचे झाले तर स्त्रीसाठी ‘आंग्लिस्टिन’ असे रूप होते, ते ध्यानात ठेवा. इंग्रजीत लिहिलेल्या प्रस्तावात मात्र स्वतःला अँग्लिसिस्ट म्हणू नका, आणि भारतात तर मुळीच नको. मराठीत नवा शब्द घडवण्याची गरज नाही. मी बडोद्यात आयुष्यभर इंग्रजी शिकवली. या शब्दामागे आपल्या विषयाचा इतिहास आहे आणि तो आपल्या अभ्यासक्रमातून जवळजवळ गळून गेला आहे, याची मला फार रुखरुख वाटते. म्हणून पुढचे सविस्तर लिहिते.

युरोपात हा शब्द रोजच्या वापरातला आहे. जर्मन विद्यापीठांत विभागाच्या दारावर ‘आंग्लिस्टिक उंड अमेरिकानिस्टिक’ (इंग्रजी आणि अमेरिकन अभ्यास) अशी पाटी सर्रास दिसते. तिथल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांच्या वार्षिक अधिवेशनाला ‘आंग्लिस्टेनटाग’ म्हणतात. फ्रान्समध्ये विद्यापीठीय इंग्रजी अध्यापकांच्या संस्थेच्या नावातच ‘आंग्लिसिस्ट’ आहे. इटलीत आणि पोलंडमध्ये ‘आंग्लिस्ता’ म्हणतात. खुद्द इंग्लंडमध्ये मात्र शेक्सपिअर शिकवणारे प्राध्यापक स्वतःला असे म्हणवत नाहीत. ते ‘मी इंग्लिश शिकवतो’ म्हणतील, किंवा आपला कालखंड सांगतील. इंग्रजीतली एक अडचणही त्यामुळे तशीच राहिली आहे : ‘इंग्लिश प्रोफेसर’ म्हटले की तो इंग्रज माणूस की इंग्रजी विषयाचा माणूस, हे संदर्भावरून ओळखावे लागते. मराठीत ‘इंग्रज’ आणि ‘इंग्रजी’ वेगळे असल्याने आपल्याला ती अडचण कधी आलीच नाही.

परक्याच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्यांना वेगळे नाव लागते, घरच्यांना लागत नाही, असा निष्कर्ष यावरून चटकन निघतो. तो अर्धाच खरा आहे. जर्मन लोकांनी स्वतःच्या भाषेच्या अभ्यासालाही ‘गेर्मानिस्टिक’ हे नाव दिलेच आहे. खरे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन विद्यापीठांतल्या फिलॉलॉजीत आहे. भाषेचा इतिहास, हस्तलिखिते, पाठभेद, व्याकरण, छंद आणि साहित्य हे सगळे एकाच माणसाने एकाच शिस्तीत अभ्यासायचे, अशी ती कल्पना होती. आधी ग्रीक-लॅटिन, मग संस्कृत, मग युरोपातल्या अर्वाचीन भाषा, अशी तिची वाटचाल झाली.

बडोदेकराला फिलॉलॉजी समजावून सांगण्यासाठी जर्मनीपर्यंत जावे लागत नाही. आपल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत काढली. एकेका श्लोकाखाली किती हस्तलिखितांतले पाठ नोंदवले आहेत ते एकदा जाऊन पाहा. ‘गायकवाड्स ओरिएंटल सिरीज’चा पहिला ग्रंथ, राजशेखराची ‘काव्यमीमांसा’, १९१६ मध्ये याच शहरातून निघाला. पुण्यात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक असलेले वि. सी. सुखटणकर तर बर्लिनमध्येच शिकून आले होते. भारतविद्येचे हे काम आणि जर्मनांची आंग्लिस्टिक ही एकाच घराण्यातली आहेत. आपल्याकडे संस्कृतच्या विद्यार्थ्याला हे माहीत असते आणि इंग्रजीच्या विद्यार्थ्याला त्याचा पत्ता नसतो, ही मला खेदाची गोष्ट वाटते.

त्या परंपरेने काय केले याची काही उदाहरणे देते, कारण तुमच्या मुलाखतीत यातले काहीतरी निघण्याची शक्यता दाट आहे. ‘बेओवुल्फ’ हे प्राचीन इंग्रजीतले सर्वांत मोठे काव्य. त्याचे हस्तलिखित लंडनला आहे, पण ते पहिल्यांदा छापले गेले कोपनहेगनमध्ये, १८१५ साली, थोर्केलिन या आइसलँडिक विद्वानाच्या हातून. १८७६ पासून बर्लिनमध्ये इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या यूलिउस त्सुपित्सा यांनी १८८२ मध्ये त्या हस्तलिखिताची छायाप्रत लिप्यंतरासह प्रसिद्ध केली. त्यांचे विद्यार्थी फ्रीडरिश क्लेबर अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गेले. त्यांची १९२२ ची आवृत्ती पुढे कित्येक दशके प्रमाण मानली गेली आणि तिच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरल्या जातात. ‘एंग्लिशे श्टूडिएन’ आणि ‘आंग्लिया’ ही इंग्रजी भाषा-साहित्याला वाहिलेली नियतकालिके जर्मनीत १८७० च्या दशकाच्या अखेरीला सुरू झाली. ‘आंग्लिया’ अजून निघते.

इंग्लंड यात मागे होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १८२८ मध्येच इंग्रजी भाषा आणि साहित्याचे अध्यासन झाले होते हे खरे. पण ऑक्सफर्डने १८८५ मध्ये नवे मर्टन अध्यासन ज्या आर्थर नेपियर यांना दिले ते ग्योटिंगेनला प्राध्यापकी करून आलेले, पुरते जर्मन वळणाचे भाषाभ्यासक होते. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीचा स्वतंत्र अभ्यासक्रम १८९४ मध्ये सुरू झाला, केंब्रिजची स्वतंत्र इंग्लिश ट्रायपॉस, म्हणजे तिथली पदवी परीक्षा, १९१७ ची. आता बडोद्याच्या तारखा शेजारी ठेवा. बडोदा कॉलेज १८८१ चे. श्रीअरविंद १८९३ मध्ये संस्थानच्या नोकरीत आले आणि पुढे कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवू लागले. ते स्वतः केंब्रिजला ग्रीक-लॅटिन शिकले होते. म्हणजे आज आपण ज्याला ‘इंग्रजी विषय’ म्हणतो तो केंब्रिजमध्ये स्वतंत्रपणे उभा राहण्याआधी बडोदा कॉलेजच्या घुमटाखाली शिकवला जात होता. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात हेच मोठ्या पटावर मांडले आहे : इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय म्हणून आधी वसाहतीत आकाराला आला. तो ग्रंथ तुम्ही वाचला असेलच. नसेल तर अर्ज पाठवण्याआधी वाचा.

आता एक असे उदाहरण जे तुम्ही बी. ए.ला पाठ केले आहे. इंग्रजी भाषेच्या इतिहासात ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ येते. पंधराव्या शतकाच्या आसपास इंग्रजीतले दीर्घ स्वर एकेक पायरी वर सरकू लागले आणि सर्वांत वरचे दोन फुटून संयुक्त झाले. चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीच्या काळी आजचा ‘टाइम’ हा ‘टीम’च्या जवळचा होता, ‘हाउस’ हा ‘हूस’ होता आणि ‘नेम’चा स्वर आपल्या ‘नाम’मधल्यासारखा होता. स्पेलिंग जुन्या उच्चाराचे राहिले, उच्चार पुढे गेला. म्हणूनच आपल्या मुलांना इंग्रजी स्पेलिंगचा एवढा त्रास होतो. देवनागरीत लिहिणाऱ्याला ही घटना इंग्रजापेक्षा लवकर डोळ्यांसमोर येते, असा माझा वर्गातला अनुभव आहे. या घटनेला हे नाव देणारा माणूस डेन्मार्कचा : ओटो येस्पर्सन. कोपनहेगनला १८९३ पासून १९२५ पर्यंत ते इंग्रजीचे प्राध्यापक होते. आधुनिक इंग्रजीचे त्यांचे सात खंडांचे व्याकरण १९०९ पासून १९४९ पर्यंत निघत राहिले, शेवटचा खंड त्यांच्या निधनानंतर. अँग्लिसिस्ट या शब्दाचा अर्थ एका माणसात पाहायचा तर मी येस्पर्सनकडे बोट दाखवेन.

म्हणजे हा शब्द एक वचन देतो. भाषा आणि साहित्य दोन्ही. जर्मन विभागांत आजही भाषाविज्ञान, साहित्य, सांस्कृतिक अभ्यास आणि शिक्षकांसाठी अध्यापनशास्त्र ही अंगे एकाच छताखाली असतात, कारण त्यांचे कितीतरी विद्यार्थी पुढे शाळांत इंग्रजीचे शिक्षक होतात. बऱ्याच ठिकाणी जुन्या आणि मध्ययुगीन इंग्रजीचीही तोंडओळख होते. आपल्याकडे दोन वाटा झाल्या. एम. ए.ला साहित्याचे कालखंड, समीक्षा आणि सिद्धान्त. भाषाविज्ञान एखाद्या पेपरात, तेही ध्वनींच्या तक्त्यापुरते. इंग्रजी ‘कशी शिकवावी’ हा प्रश्न वेगळ्या संस्थांकडे गेला. त्यासाठीच १९५८ मध्ये हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली, आजचे ‘इफ्लू’, म्हणजे इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी. त्या संस्थेने मोलाचे काम केले. तरीही साहित्यवाल्यांनी भाषेकडे पाठ फिरवली आणि भाषावाल्यांनी साहित्याकडे, हे माझ्या पिढीने डोळ्यांदेखत होताना पाहिले. त्यामुळे आपल्याकडचा एम. ए. झालेला विद्यार्थी स्वतःला अँग्लिसिस्ट म्हणतो तेव्हा युरोपातला वाचक त्याच्याकडून जे अपेक्षितो त्यातले निम्मे त्याला कोणी शिकवलेलेच नसते. दोष विद्यार्थ्याचा नाही, पण समोरच्याला ते कळायला मार्ग नसतो.

भारतात हा शब्द न वापरण्याचे कारण याहून जड आहे. इथे अँग्लिसिस्ट म्हटले की जाणत्या वाचकाला १८३५ आठवते. १८१३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला एक लाख रुपये साहित्याच्या पुनरुज्जीवनासाठी आणि देशी विद्वानांच्या उत्तेजनासाठी बाजूला ठेवायला सांगितले. हे पैसे संस्कृत-अरबीवर खर्च करायचे की इंग्रजीवर, यावरून कलकत्त्याच्या शिक्षण समितीत दहा जणांत पाच विरुद्ध पाच अशी फूट पडली. संस्कृत-अरबीच्या बाजूचे ते ओरिएंटलिस्ट, इंग्रजीच्या बाजूचे अँग्लिसिस्ट. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातले कायदा सदस्य मेकॉले यांनी २ फेब्रुवारी १८३५ रोजी आपले टिपण लिहिले आणि ७ मार्चला गव्हर्नर जनरल बेंटिंकचा ठराव इंग्रजीच्या बाजूने झाला.

चांगल्या युरोपीय ग्रंथालयाचे एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या साऱ्या देशी साहित्याच्या तोडीचे आहे, हे मेकॉले यांच्या टिपणातले कुप्रसिद्ध वाक्य सगळ्यांना ठाऊक असते. मी विद्यार्थ्यांना त्याच्या सुरुवातीच्या परिच्छेदांकडे लक्ष द्यायला सांगत असे. कायद्यातल्या ‘साहित्य’ या शब्दाचा अर्थ संस्कृत आणि अरबी एवढाच कशावरून, मिल्टनची कविता, लॉकचे तत्त्वज्ञान आणि न्यूटनचे पदार्थविज्ञान जाणणारा भारतीय माणूस ‘विद्वान’ का नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. एका कलमातल्या दोन शब्दांच्या अर्थावर सगळा डोलारा उभा केला आहे. आणि हे करणारा माणूस त्याच टिपणात आपल्याला संस्कृत किंवा अरबी येत नाही हे मान्य करतो.

इथे एक बारकावा आहे आणि त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. त्या वादातले ओरिएंटलिस्ट बहुतेक खरोखरच त्या भाषांचे जाणकार होते किंवा जाणकारांचे साथी होते. अँग्लिसिस्टांत मात्र इंग्रजीचा पेशाने अभ्यासक कोणी नव्हता. मेकॉले कायद्याचे सदस्य आणि इतिहासलेखक, ट्रेव्हेल्यन मुलकी अधिकारी. त्यांचे अँग्लिसिस्ट असणे हे धोरणाच्या बाजूपुरते होते, अभ्यासाशी त्याचा संबंध नव्हता. येस्पर्सन ज्या अर्थाने अँग्लिसिस्ट त्या अर्थाने मेकॉले कधीच अँग्लिसिस्ट नव्हते. पण भारतात नाव त्यांच्या बाजूला चिकटले ते चिकटलेच. आज दिल्लीत किंवा पुण्यात एखाद्या चर्चासत्रात तुम्ही स्वतःला अँग्लिसिस्ट म्हणालात तर निम्म्या श्रोत्यांना वाटेल की तुम्ही इंग्रजी माध्यमाची वकिली करायला उभ्या आहात.

मुंबई इलाख्यात हाच वाद वेगळ्या जोडीने झाला, हे मराठी माणसाने विसरू नये. १८४० च्या दशकात तिथल्या शिक्षण मंडळात अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने होते, तर कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने. म्हणजे आपल्याकडे इंग्रजीसमोर मराठी आणि गुजराती उभ्या होत्या. बडोदे संस्थान या भांडणाबाहेर राहिले. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर नेला, तोही देशी भाषांतून. वर कॉलेजात इंग्रजी, आणि दोन्हींच्या मध्ये इंग्रजी ग्रंथांची मराठी-गुजराती भाषांतरे. तुमची साहित्यमाला नेमकी या मधल्या जागेत येते. माझ्या मते तुमच्या प्रस्तावाची खरी ताकद इथे आहे आणि तुम्ही पाठवलेल्या सारांशात ती कुठेच दिसली नाही.

मराठी शब्दाबद्दल फार वेळ घेत नाही. भारतविद्या, तशी आंग्लविद्या, असे सुचू शकते. पण एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्यात ‘आंग्लविद्याविभूषित’ म्हणजे इंग्रजी शिकलेला सुशिक्षित गृहस्थ, मग तो वकील असो की मामलेदार. ती जागा भरलेली आहे. ‘इंग्रजी भाषा आणि साहित्याच्या अभ्यासक’ एवढे लिहा, सगळ्यांना कळेल. शब्द पाडण्याची हौसच असेल तर बडोद्यात १९३१ मध्ये निघालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हाताळा. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना अनेक भारतीय भाषांतले पर्याय शेजारी शेजारी मांडून मग निवड करायची, ही त्यातली पद्धत आजही शिकण्यासारखी आहे.

आपल्या लोकांत खरे अँग्लिसिस्ट झालेच नाहीत असे मात्र समजू नका. विंदा करंदीकरांनी पोटासाठी इंग्रजी शिकवली आणि ‘किंग लिअर’ मराठीत आणला. भालचंद्र नेमाडे यांनी भाषाविज्ञान आणि इंग्रजी साहित्य दोन्हींचे रीतसर शिक्षण घेतले आणि इंग्रजीचा मराठीवरचा प्रभाव समाजभाषाविज्ञान आणि शैलीविज्ञान अशा दोन अंगांनी तपासला. तुमच्या विषयाच्या सर्वांत जवळचे काम तेच आहे. आपल्या बडोद्यात गणेश देवी यांनी इंग्रजीचे प्राध्यापक असताना भारतीय भाषांतल्या समीक्षेच्या विस्मरणावर लिहिले, १९९६ मध्ये विद्यापीठ सोडले आणि ‘भाषा’ ही संस्था काढून आदिवासी भाषांकडे वळले. या तिघांपैकी कोणाचेही इंग्रजीचे ज्ञान इंग्रजीपाशी थांबले नाही. त्यांनी ते आपल्या भाषांच्या कामाला लावले. मला ही परंपरा युरोपातल्या आंग्लिस्टिकइतकीच भक्कम वाटते, आणि तुम्ही तिच्या आहात हे तुम्हाला सांगता आले पाहिजे.

आता तुमच्या प्रस्तावाकडे येते. सारांशात तुम्ही ‘वसाहतवादी भाषांतराचे राजकारण’ असे लिहिले आहे. हे वाक्य शंभर अर्जांत असेल. त्याऐवजी भाषा दाखवा. साहित्यमालेतले एखादे असे पुस्तक निवडा ज्याचे इंग्रजी मूळ हाताशी आहे, आणि दोन-तीन वाक्यरचनांचा माग काढा. मराठीची जुनी वळणे अशी : “‘मी येतो’ असे तो म्हणाला.” फारसी वळणाचा ‘की’ आल्यावर झाले, “तो म्हणाला की मी येतो.” येणारा माणूस अजून ‘मी’च आहे. पण “तो म्हणाला की तो येईल” या वाक्यात सर्वनाम बदलले आणि काळही सरकला. हे इंग्रजीच्या अप्रत्यक्ष कथनाचे वळण आहे. साहित्यमालेच्या भाषांतरकारांपैकी कोण हे करतो, कोण टाळतो, कोणत्या प्रकारच्या पुस्तकात? तसेच ‘शिपायाने चोर पकडला’ हे सोडून ‘शिपायाकडून चोर पकडला गेला’ कुठे कुठे येते? कायद्याच्या आणि शास्त्राच्या पुस्तकांत हे अधिक आढळेल असा माझा कयास आहे. तुम्ही मोजून पाहा. हंसा मेहता ग्रंथालयात आणि मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात या मालेची पुस्तके शोधा, आणि मुखपृष्ठासह प्रस्तावनेचेही फोटो घेऊन ठेवा. भाषांतरकार आपल्या अडचणी सांगतो तो प्रस्तावनेतच.

या कामासाठी विभाग कोणता, हाही प्रश्न आहे. निव्वळ आंग्लिस्टिकच्या मार्गदर्शकाला मराठी वाचता येणार नाही. म्हणून दुसरे मार्गदर्शक दक्षिण आशियाच्या अभ्यासातले मागा. हायडेलबर्गची दक्षिण आशिया संस्था १९६२ पासून आहे, आणि खंडोबा आणि धनगरांवर मूलभूत काम करणारे ग्युंथर सोन्थायमर तिथेच शिकवत होते. महाराष्ट्राचा अभ्यास जर्मनीला नवा नाही. पहिल्या पत्रातच दोन मार्गदर्शकांची गरज स्पष्ट लिहिलीत तर पुढची ओढाताण वाचेल.

अर्जातल्या ओळखीच्या रकान्यात इंग्रजीत ‘रिसर्चर इन इंग्लिश अँड मराठी, वर्किंग ऑन द लँग्वेज ऑफ ट्रान्सलेशन’ अशा अर्थाचे एक वाक्य लिहा. विषयाच्या रकान्यात आंग्लिस्टिक. आणि मुलाखतीत कोणी जुन्या इंग्रजीबद्दल विचारले तर गोंधळू नका. आतापासून रोज थोडे थोडे करून क्लेबरच्या आवृत्तीतल्या ‘बेओवुल्फ’च्या पहिल्या पन्नास ओळी शब्दार्थांसह वाचून काढा. संस्कृत शिकलेल्या मुलीला विभक्ती आणि धातुरूपांची भीती वाटायचे कारण नाही. अडलात तर रविवारी सकाळी घरी या, आपण बसून वाचू.